विहीणबाईंचा आहेर

गुरुवारी संध्याकाळी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त, हे ठरलेलंच. खोली मुळात चादरी आणि अभ्रे ठेवायची. भिंतींना अजून साबणाचा वास होता. समोर मोठा पडदा, पडद्यावर समुद्रापलीकडचं हॉस्पिटल. इकडे दिवे लागायची वेळ आणि तिकडे सकाळ, त्यामुळे तिकडची मंडळी नुकतीच अंघोळ करून आल्यासारखी ताजीतवानी, हातात कॉफीचे मग घेऊन बसलेली. त्यांचे चेहरे बघितले की इकडच्यांना आपण किती दमलोय ते आठवायचं.

त्या गुरुवारी पडद्यावरच्या मुख्य बाईंनी घसा खाकरला, डोक्यावर सरकवलेला चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाल्या, "आज कामाआधी एक गोड बातमी. पुढच्या गुरुवारी आत्याबाई निवृत्त होताहेत. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला सांभाळून घेतलं. त्यांना द्यायचं काय, यावर आम्ही डोकं खाजवत बसलो होतो. घड्याळ? फुलदाणी? मग सुचलं." पाठीमागे काहीतरी लपवून उभ्या राहिलेल्या लहान मुलासारख्या त्या हसल्या. "त्यांच्या भाचीला आमच्या नवजात बाळांच्या विभागात कायमची नोकरी! आमच्या संचालकांनी मान्यताही दिलीय. याहून मोठं देण्यासारखं आमच्याकडे काही नाही."

खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी तरी शिट्टीसुद्धा मारली. हॉस्पिटलात शिट्टी मारतात का, पण मारली. भाची म्हणजे बारकी. ती मागच्या भिंतीजवळ उभी होती आणि तिच्या पाठीत एकदम चार जणींच्या थापा बसल्या. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून बारकी. उंचीने आत्याच्या डोक्यावरून गेली, सिस्टर झाली, वर्षभर त्या परक्या देशात राहून शिकून आली, तरी घरी बारकी ती बारकीच. थापा खाताखाता तिने आत्याकडे पाहिलं.

आत्याबाई हसत होत्या. ते हसू बारकीला पुरतं ठाऊक होतं. न सांगता पाहुणे जेवायला यावेत आणि डब्यात पिठाचा कण नसावा, तेव्हा आत्या असंच हसायची. त्या म्हणाल्या, "फार मोठं मन आहे तुमचं. आभारी आहे. आता कामाचं बोलू या." आणि मग एका कावीळ झालेल्या बाळाबद्दल त्या इतक्या बारकाईने बोलल्या, की बातमी ऐकलीच नाही असं वाटावं.

आता या आत्याबाई कोण, ते सांगायला हवं. आत्या त्या खरं तर एकट्या बारकीच्या. पण तिच्या तोंडून ऐकून आधी वॉर्डातल्या पोरी आत्या म्हणायला लागल्या, मग डॉक्टर, मग रखवालदार, आणि शेवटी समुद्रापलीकडची माणसंही. बाळांच्या वॉर्डच्या त्या इन्चार्ज सिस्टर होत्या. दोन हॉस्पिटलांनी हात मिळवायचं ठरवलं तेव्हा इकडचा कारभार बघायला कुणी डॉक्टर तयार होईना. त्यात ना नाव, ना मान, नुसती उस्तवार. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुखांनी, ते लोढणं आत्याबाईंच्या गळ्यात बांधलं आणि त्यांना वॉर्डातून तिसऱ्या मजल्यावर बसवलं. दोनचार महिन्यांत सुटका होईल म्हणाले होते. कसली सुटका!

सुरुवातीला तिकडून नुसत्या पेट्या यायच्या. यंत्रं यायची, त्यांचे प्लग इथल्या भिंतीत बसायचे नाहीत. प्लग बसला तर बाळ बसायचं नाही. पाठवणारे खूश, घेणारे संकोचाने गप्प, आणि जिन्याखाली यंत्रांची अडगळ. आत्याबाईंनी एक दिवस त्या अडगळीसमोर उभं राहून फोटो काढला आणि तिकडे पाठवून दिला. सोबत निरोप, की पेट्या बस झाल्या, आता माणसं पाठवा. माणसं आली. उत्साहाने फसफसत आली. आत्याबाईंनी त्यांना वॉर्डाच्या कोपऱ्यात स्टुलांवर बसवलं आणि सांगितलं, "आज काही करायचं नाही, काही सुचवायचं नाही. नुसतं बघायचं. बोलायचं ते उद्या." तेव्हापासून तो नियमच झाला. इकडून तिकडे जाणारी सिस्टर असो की तिकडून इकडे येणारा मोठा सर्जन, पहिला दिवस स्टुलावर. तिकडचे संचालक आले तेव्हा त्यांनाही बसवलं. बिचारे उंच होते, गुडघे हनुवटीला लागत होते, पण बसले.

त्या स्टुलावरून चष्मेवाल्या बाईंना दिसलं, की इथे अपुऱ्या दिवसांची बाळं आयांच्या छातीशी फडक्याने बांधलेली असतात आणि आया दिवसभर वॉर्डात वावरतात. तिकडे तेव्हा आईला काचेतून बघायला मिळायचं, तेही ठरलेल्या वेळी. बाईंनी परत जाऊन दारं उघडली. आणि तिकडून इकडे आली ती बुडबुड्यांवर चालणारी श्वासाची मशीन, आणि केसासारखी बारीक नळी बोटाएवढ्या हाताच्या शिरेत घालायची कला. देवाणघेवाण म्हणतात ती ही. एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने वाकून घ्यायचं, असला प्रकार आत्याबाईंनी चालू दिला नाही.

त्या चष्मेवाल्या बाईंना आत्याबाई विहीणबाई म्हणायच्या. त्यांचं म्हणणं, दोन हॉस्पिटलं म्हणजे दोन घरं; मानपान आहे, रुसवेफुगवे आहेत, पोटात एक, ओठात एक असंही आहे, मग ती माझी विहीण नाही तर कोण? बाईंना याचा अर्थ समजावून सांगितला तेव्हा त्या इतक्या हरखल्या, की मेलच्या खाली नावाऐवजी तेच लिहायला लागल्या.

पण सगळं गोडगोड नव्हतं. पहिल्यापहिल्या वर्षांत तिकडे शिकायला गेलेल्या सिस्टरांपैकी काही जणी परत आल्याच नाहीत. तिकडे नोकऱ्या होत्या, त्यांनी घेतल्या; त्यांना दोष कुणी द्यावा? पण इकडे वॉर्डाचे हाल कुत्रं खाईना. रडणाऱ्या बाळाकडे सिस्टर वळेपर्यंत पलीकडचं निळं पडायचं. आत्याबाई तेव्हा पडद्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "बाळ रडलं तर ऐकू येतं. सिस्टर गेली तर आवाज होत नाही, म्हणून तुम्हाला ते कळत नाही." त्यांनी करारात एक कलम घालूनच घेतलं. एकमेकांची माणसं ओढायची नाहीत. अगदीच अपवाद करायचा तर दोन्हीकडे हा कारभार बघणाऱ्यांची सही लागेल. विहीणबाईंनी आपली सही कधीच करून टाकली होती. आता राहिली होती आत्याबाईंची, आणि ती करायला हाताशी एक आठवडा.

गुरुवारची ती बातमी बारकीच्या आधी घरी पोचली होती. बारकीचे वडील शिंपी. सगळं घर त्यांना दादा म्हणायचं, त्याच घरात राहणारी बहीण, म्हणजे आत्याही, आणि मुलगीही. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन. बाळांना छातीशी बांधायची फडकी तेच शिवायचे आणि त्यांतली काही समुद्रापलीकडेही गेली होती, त्याचा त्यांना कोण अभिमान. बारकी घरात शिरली तेव्हा दादांची अख्ख्या गल्लीत दवंडी पिटून झाली होती. शेजारीण दारात उभी राहून डोळे पुसत होती.

जेवताना दादा म्हणाले, "सही करून टाक गं उद्याच. शुभकार्याला उशीर कशाला?"

आत्या म्हणाली, "बघू."

"बघू? यात बघायचं काय? पोरीचं कल्याण होतंय."

"पोरीचं होतंय. वॉर्डाचं काय होतंय? श्वासाची मशीन आणि ती नळी, दोन्ही येतं अशा तिथे दोघीच. त्यातल्या थोरल्या सिस्टरला आता शीर दिसत नाही, अंदाजाने टोचते. बाकीच्या पोरी अजून शिकताहेत. हिला उचललं की खाली काय उरतं?"

"म्हणजे ती दुसऱ्याची पोर असती तरी तू असंच म्हटलं असतंस?"

"दुसऱ्याची असती तर केव्हाच नाही म्हणून मोकळी झाले असते!" आत्या ताडकन म्हणाली. "आपली आहे म्हणून तर घास घशाखाली उतरत नाहीये."

दादांनी ताट सरकवलं. "कमाल आहे बाई तुझी. जगाची बाळं सांभाळलीस, आणि घरातल्या एकीच्या वाटेत आडवी पडतेस. ते कलम घे उशाला आणि झोप."

बहीणभाऊ असे भांडले की बारकी लहानपणी मशीनखाली जाऊन बसायची. आता मावत नव्हती. ती म्हणाली, "मला जायचंय."

दोघंही तिच्याकडे वळले. तिने पुन्हा सांगितलं, "आत्या, मला जायचंय. खरंच जायचंय."

तिला जायचं होतं, यात काही खोट नव्हती. तिकडे एका सिस्टरकडे एकदोनच बाळं असायची. एखाद्या बाळाचा श्वास नुसता बघत बसायला तिकडे वेळ होता, आणि तसं बसलं की बाळ बिघडायच्या आधी कळायचं. शिवाय तिकडची एक टोळी होती, जी फिरतं इन्क्युबेटर घेऊन लांबलांबच्या लहान दवाखान्यांतून बाळं जिवंत घेऊन यायची. बारकी त्यांच्याबरोबर दोनदा गेली होती. हलत्या गाडीत, एका हाताने बाळाची छाती धरून बसताना तिला पहिल्यांदा वाटलं होतं, की हे आपलं काम. ते शिकायला वर्ष पुरत नाही. आणि दुसरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. इथे रोज आधी कुणाकडे धावायचं हे ठरवून ठरवून ती आतून पार झिजली होती.

आत्या उठली. ताट घासलं, ओटा पुसला आणि आपल्या खोलीत गेली.

मग पुढचे दिवस अवघड गेले. दादा मशीनवर तोंड फुगवून बसायचे आणि टाके चुकवायचे. वॉर्डात पोरी बारकीचं कौतुक करायच्या, तिकडून काय काय पाठव ते सांगायच्या, आणि ती वळली की एकमेकींकडे बघायच्या. एका दुपारी जेमतेम तळहाताच्या वर भरेल असं बाळ आलं. बारकीने नवख्या सिस्टरला पुढे केलं. "घाल नळी, मी आहे." नवखीने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा हात थरथरला. बाळ रडायलासुद्धा थकलं होतं. शेवटी बारकीने स्वतः घातली. एका दमात गेली.

नवखी हातमोजे काढत म्हणाली, "तुम्ही जा सिस्टर. आमचं आम्ही करू काहीतरी." तिने हे अगदी मनापासून म्हटलं, आणि म्हणूनच बारकीला तिथे उभं राहवेना.

ती तडक तिसऱ्या मजल्यावर गेली. आत्या खोलीत एकटीच होती, कपाट रिकामं करत होती.

"नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण," बारकी म्हणाली. "मी आदळआपट करणार नाही. पण असं टांगून ठेवू नकोस."

"तू आदळआपट कर गं, मला चालेल. तू अशी शहाण्यासारखी बोललीस की मला घाम फुटतो." आत्याने खुर्चीवरचे कागद खाली ठेवले. "बस. तुझ्यावर राग नाहीये माझा. राग आहे तो विहीणबाईंवर. माझ्याच घरातली लेक उचलून मलाच आहेर करतेय, आणि वर मी टाळ्या वाजवायच्या! बरं, मनात काळंबेरं असतं तर दोन शब्द सुनावले असते. पण नाही. बाई सोन्यासारखी आहे. तिच्या घरातलं सगळ्यांत मोठं तिने दिलं. ते देताना माझ्या घरातलं काय जातंय, हे तिच्या गावीही नाही. इतक्या वर्षांत मी तिला हे शिकवू शकले नाही, तर मग मी केलं काय?"

बारकीला वाटलं होतं आत्या चिडेल, कलम काढून दाखवेल. आत्याचा आवाज असा चिरकेल असं वाटलं नव्हतं.

"असं कसं म्हणतेस? या वॉर्डात मशीन आहे, नळी आहे, तिकडे आया आत आहेत. कुणामुळे?"

"ते असू दे. मला एक सांग. तुला जायचंय ते थकलीस म्हणून, की शिकायचंय म्हणून?"

बारकीने खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "दोन्ही."

"हं," आत्या म्हणाली. "बरं झालं खरं बोललीस. जा आता, ड्यूटी आहे ना तुझी?"

हे काय उत्तर झालं? बारकी जिना उतरताना मनातल्या मनात जळफळत होती. पण तिला हेही जाणवत होतं, की आत्याच्या जागी आपण असतो तर केव्हाच काहीतरी गुळमुळीत करून सुटलो असतो. ही बाई सुटायला बघत नाही, हीच तर खरी मेख होती.

निरोपाच्या गुरुवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. दादा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते. बहिणीशी बोलत नव्हते, पण आले होते. पडद्यावर विहीणबाई, त्यांच्या शेजारी ते उंच संचालक, मागे सगळा विभाग. एका सिस्टरच्या छातीशी चक्क बांधलेलं बाळ होतं, आणि फडकं दादांच्या हातचं होतं. दादांनी ते लांबूनच ओळखलं आणि शेजारच्या रखवालदाराला कोपराने ढोसलं.

भाषणं झाली. कुणी रडलं, कुणी फोटो काढले. मग मोठ्या डॉक्टरांनी तो सहीचा कागद आत्याबाईंपुढे ठेवला. आत्याबाईंनी पेन उघडलं आणि तसंच हातात धरून ठेवलं.

"विहीणबाई, सही करायच्या आधी दोन शब्द बोलू का? माझं तुमच्या भाषेतलं बोलणं ओबडधोबड आहे, ते सांभाळून घ्या."

"बोला ना," विहीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही मला आहेर दिलात. तुमच्याकडचं सगळ्यांत मोठं दिलंत. मी आयुष्यभर विसरणार नाही. पण हा आहेर माझ्या हातात पडला, तेव्हा खाली माझ्या वॉर्डातला एक दिवा विझला. तुम्हाला तिथून ते दिसत नाही. दोष तुमचा नाही. ही मुलगी तयार व्हायला आम्हाला किती वर्षं लागली, ते तुम्हाला कोण सांगणार? मीच सांगायला हवं होतं. म्हणून आज, जायच्या दिवशी, सांगते. तुमच्याकडे एक सिस्टर वाढते तेव्हा आमच्याकडे एक कमी होते. बेरीज तुमच्या अंगणात होते आणि वजाबाकी आमच्या."

पडद्यावर विहीणबाईंचा हात तोंडावर गेला. त्यांचं गोरंपान तोंड आधी पांढरं पडलं आणि मग लाल झालं. "अगं बाई," असंच काहीतरी त्या आपल्या भाषेत पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं... आत्याबाई, मी कधी तसा विचारच केला नाही. मी परत घेते. आम्ही हे परत घेतो."

दादांनी दाराची चौकट धरली.

"छे छे, दिलेलं परत कसलं घेता?" आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या भाचीला यायचंय. ती माणूस आहे, खुंटीला टांगलेली पिशवी नाही, की मी म्हणेन तिथे राहील. ती येईल. माझं मागणं दुसरंच आहे. आमच्यात पूर्वी साटंलोटं करायचे. एका घराने मुलगी दिली, की त्या घराने यांना मुलगी द्यायची. लग्नात ते वाईटच, पण हॉस्पिटलात चालेल. यापुढे तुम्ही आमची एक सिस्टर घेतलीत, की तुमची एक सिस्टर इकडे पाठवायची. पगार तुमचा, काम आमचं. पाहुणी म्हणून नाही. ड्यूटी लावून घेणारी."

आधी विहीणबाईंच्या मागे बसलेली एक तरुण सिस्टर हसली, मग सगळे हसले. संचालक मात्र हनुवटी खाजवत होते. "कल्पना चांगली आहे. पण परवानग्या आहेत, विमा आहे, राहायची सोय आहे..."

"आमच्या मुली तिकडे येतात तेव्हा हे सगळं होतंच की हो," आत्याबाई गोड आवाजात म्हणाल्या.

विहीणबाईंनी संचालकांकडे असं रोखून पाहिलं, की नवऱ्याकडेसुद्धा कुणी तसं बघत नसेल. ते म्हणाले, "करू. शब्द देतो. पण वर्षाअखेरपर्यंत लागेल वेळ, त्याआधी जमणार नाही."

"पहिली कोण यायची ती मी स्वतः निवडते," विहीणबाई म्हणाल्या. "आणि मला क्षमा करा."

"विहिणींनी क्षमा मागायला लागायचं म्हटलं तर दिवस पुरायचे नाहीत," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली. वळणदार, ठसठशीत, शेवटच्या अक्षराखाली रेघ मारून.

टाळ्या वाजत होत्या आणि बारकी हिशोब लावत होती. ती निघणार दोन महिन्यांनी. तिकडची येणार वर्षाअखेरीस. मधले महिने? थोरली सिस्टर शेजारीच उभी होती. तिने तेच मोठ्याने विचारलं. "आणि मधल्या काळात वॉर्डात कोण?"

बारकीच्या तोंडून निघून गेलं, "मी थांबते. तोवर थांबते मी."

"तू गप्प बस," आत्याबाई वळून म्हणाल्या. "त्यांनी तुला ज्या तारखेला बोलावलंय त्या तारखेला तू जायचंस. आज थांबशील, मग आणखी थोडं थांबशील, आणि मग एक दिवस वॉर्डाचा राग राग करायला लागशील. मी पाहिल्यात अशा. मधल्या काळाची सोय झाली आहे."

"काय सोय?" थोरलीने विचारलं. मोठे डॉक्टर एकदम छताकडे बघायला लागले, जणू तिथे गळत होतं.

त्या शनिवार-रविवारी घरात शांतता होती. भाऊबहीण बोलायला लागले होते, इतकंच नाही तर दार लावून कुजबुजत होते, आणि मशीन चालू होतं. बारकीला वाटलं, आपल्यासाठीच काही शिवत असतील. तिने विचारलं नाही. तिचं मन ठिकाणावर नव्हतं. जायचं पक्कं झालं होतं, आनंद व्हायला हवा होता, होतही होता, आणि त्या आनंदाला मधूनच सुई टोचल्यासारखं व्हायचं.

सोमवारी सकाळी ती वॉर्डात आली तेव्हा हात धुवायच्या नळाशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. पांढरा गणवेश, तोही जुन्या धाटणीचा. दोन्ही कुशींना नव्या कापडाची पट्टी लावून तो सैल केलेला होता, टाके इतके सारखे की शिवणारा कोण ते विचारायलाच नको. केसांचा करडा अंबाडा टोपीत कोंबलेला. बांगड्या काढून ठेवलेल्या, कोपरापर्यंत फेस.

"आत्या?"

"बोटांच्या बेचक्या नीट धुतल्या गेल्या का, ते बघ आधी. हल्ली तुमचं हात धुण्याच्या पायऱ्यांचं गाणं बदललंय म्हणे."

"तू निवृत्त झालीस!"

"खुर्चीतून झाले. मोठ्या डॉक्टरांनी वॉर्डात घेतलंय, कंत्राटावर. सगळ्यांत खालची सिस्टर. तिकडची येईपर्यंत." आत्याने नळ कोपराने बंद केला. "मी वॉर्ड सोडला तेव्हा ही मशीन नव्हती, ती केसासारखी नळी तर नव्हतीच. इतकी वर्षं नुसते करार करत बसले. मला यातलं काहीही येत नाही. तुझ्याकडे दोन महिने आहेत. शिकव."

"या वयात? तुझे गुडघे..."

"नळी काय गुडघ्याने घालतात?"

बारकीला हसू आलं आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. तिला बोलायचं होतं, की हे तू माझ्यासाठी करू नकोस, मला हे ओझं पेलणार नाही. आत्याने ते तिच्या तोंडावर वाचलं.

"तुझ्यासाठी नाही करत," ती हळूच म्हणाली. "म्हणजे, तुझ्यासाठीही करते, खोटं कशाला बोलू? पण मीच म्हटलं ना, एक गेली की एक आली पाहिजे. ते दुसऱ्यांना सांगायचं आणि आपण घरी पाय पसरून बसायचं, हे मला जमायचं नाही. तू जा. मनसोक्त शिक. मागे वळून बघितलंस तर कुणीतरी उभं असेल, एवढं बघते मी."

बारकीला एकदम आत्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण हात धुतलेले होते, त्यामुळे ते राहून गेलं.

सकाळभर बाहुलीच्या हातावर सराव झाला. आत्याची बोटं जाड झाली होती, सांधे वळत नव्हते. नळी वाकली, निसटली, पुन्हा वाकली. नवखी सिस्टर चोरून बघत होती, आणि म्हातारीचंही चुकतंय हे बघून तिच्या स्वतःच्या हाताची थरथर कमी झाली होती. बारकीने दयामाया दाखवली नाही. "पुन्हा," ती म्हणायची, आणि आत्या निमूटपणे पुन्हा करायची. इतकी वर्षं दोन देशांच्या डॉक्टरांना तालावर नाचवणारी बाई, आता भाचीच्या तालावर नळी धरत होती.

दुपारी बारकी तिला एका खऱ्या बाळाजवळ घेऊन गेली. आज टोचायचं नव्हतं, नुसती मशीनची नळी नाकाशी नीट बसवायची होती. बाळाची आई कालच भरती झाली होती, पोरसवदा, डोळे रडून सुजलेले. आत्या वाकली, श्वास रोखून नळी हातात घेतली आणि थांबली. हात हलत होता. आईने तो हात बघितला, मग करडे केस बघितले, आणि घाबरून बारकीला विचारलं, "सिस्टर, या... या नवीन आहेत का?"

आत्याने मान वर करून त्या पोरीकडे पाहिलं आणि हसली.

"हो गं बाळा, आजच लागलेय कामाला," ती म्हणाली. "पण तू घाबरू नकोस. माझ्या सिस्टर बघ, माझ्याजवळच उभ्या आहेत."